वर्खाला हसू सोसत नाही

आमच्या सरांच्या वर्गात श्वास घ्यायला मनाई नव्हती, सोडायला होती. घ्या की पाहिजे तेवढा, म्हणायचे, पण सोडताना तोंड खिडकीकडे करा. खिडकी बंद असायची. दार बंद असायचं. पंखा तर बंद असायचाच. कर्जतचा उन्हाळा ज्याने सोसलाय त्याला वेगळं सांगायला नको. आम्ही शिष्यगण त्या खोलीत गाल फुगवून बसलेलो असायचो आणि पाळीपाळीने खिडकीपाशी जाऊन गजांच्या मधल्या बंद काचेवर श्वास टाकून परत जागेवर यायचो. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, आत कुणीतरी आजारी आहे आणि त्याचा निकाल लागत नाहीये.

सर वर्ख लावायला शिकवत. मिठाईवर चांदीचा असतो तसाच, पण हा पितळेचा, सोन्यासारखा दिसणारा, फ्रेमवर, लाकडावर, मातीच्या भांड्यावर लावायचा. इतका पातळ की त्याच्याकडे जरा रोखून बघितलं तरी तो लाजून घडी घालून घेतो. बोट लावलं तर बोटाचा होतो. शिंक आली तर शेजाऱ्याचा होतो. हसू आलं तर कुणाचाच राहत नाही. म्हणून वर्गात हसणं हा सर्वांत मोठा गुन्हा होता आणि मी त्यातली सराईत गुन्हेगार.

मी तेव्हा तरुण होते. म्हणजे अठ्ठावन्न पूर्ण करून शाळेतून नुकतीच सुटले होते. सगळं आयुष्य पोरांना 'हसू नकोस, बाहेर उभा राहा' असं सांगण्यात गेलेलं. रिकामी झाल्यावर आपल्यात एक कलावंत दडलाय अशी जी शंका बायकांना येते ती मलाही आली. फोनवर एका गोऱ्या बाईचा व्हिडिओ पाहिला. ती फुलदाणीला गोंद लावते, वर्ख ठेवते, फुंकर मारते आणि हसत उठते. मी म्हटलं, एवढंच ना. वर्गाला जायच्या आधीच मी पुष्कळ खिशांचा एप्रन शिवून घेतला, चष्म्याला साखळी लावली आणि साऱ्या नातेवाइकांना कळवून टाकलं की आता कुणाच्या लग्नात आहेर म्हणून स्टीलची भांडी देणार नाही, स्वहस्ते सोनेरी केलेल्या वस्तू देईन. दोन पुतण्यांची लग्नं त्या धास्तीने लवकर उरकली असं आमचे हे अजून सांगतात. माझ्यातली ती एप्रनवाली बाई आज मला बाजारात भेटली तर मी दुसऱ्या बाजूने निघून जाईन.

सर दहिवलीच्या बाजूला राहायचे. मूळचे पळसदरीच्या पलीकडच्या एका गावचे. तरुणपणी पाट्या रंगवायचे. खोपोलीपासून नेरळपर्यंत किराणा दुकानं, पिठाच्या गिरण्या, दवाखाने, सगळ्यांची नावं सरांच्या हातची. पुढे फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. चौकात कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला की सर त्याच्यासमोर उभे राहून खालपासून वरपर्यंत बघायचे आणि म्हणायचे, "माणूस बरा दिसतो, पण त्याच्या 'श'ला कंबर नाय." मग हात मागे बांधून चालू लागायचे.

वर्खाची विद्या कुठून आली, यावर सरांची निष्ठा कुठल्याच एका गोष्टीवर नव्हती. कधी मुंबईतल्या फ्रेमच्या दुकानातला एक म्हातारा पारशी त्यांचा गुरू असायचा, कधी कुठल्याशा संस्थानातला कारागीर, आणि पाऊस जोराचा असला तर विद्या स्वप्नातच मिळालेली असायची. एकदा मी काकींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, खरं काय ते विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गोंदाच्या डब्यावर लिवल्यालं असतंय की सगलं."

सरांच्या घरात स्थिर असलेली प्रत्येक वस्तू सोनेरी होती. नळाची तोटी, कुकरची शिट्टी, मीठदाणी, देव्हाऱ्यातला नारळ, एका जोडातली एकच चप्पल. खाली जिन्यापाशी एक गोटा सोन्याचा करून ठेवलेला. रस्त्याने जाणारे त्याला नमस्कार करत आणि वर गॅलरीत बसलेले सर तो नमस्कार मान लववून घेत. विजेचा बोर्डही त्यांनी सोडला नव्हता. दिव्याचं बटण, पंख्याचं, ट्यूबलाइटचं, मिक्सरचं, सगळी सोन्याची, एकसारखी, वर लाखेचा चकचकीत हात. कुठलं कशाचं ते फक्त काकींना ठाऊक.

"शॉक बसला तर?" मी विचारलं होतं.

"बसला तर सोन्याचा बसंल," काकी म्हणाल्या. "आमच्या नशिबात तेवडंच हाय."

पंखा मात्र साधा पांढरा होता. तो काकींच्या भावाने दिलेला. सरांनी त्याची पाती सोडवून माळ्यावर टाकायची गोष्ट एकदाच काढली होती. त्यावर काकींनी स्वतःही माहेरी जायची गोष्ट काढली, आणि पंखा राहिला.

सर माणसांची नावं लक्षात ठेवत नसत. पहिल्या दिवशी जी वस्तू सोनेरी करायला आणाल तेच तुमचं नाव. चौकला ब्युटी पार्लर चालवणारी एक चुणचुणीत मुलगी कुलूप घेऊन आली होती, ती कुलूप. तिने इतक्या उत्साहाने वर्ख भरला की किल्लीचं भोकही भरून गेलं, आणि ते कुलूप आता जन्माचं उघडं आहे. मी घरातली लाकडी पळी नेली होती. त्यामुळे पोरांना नावाने हाका मारत ज्या बाईने उभं आयुष्य काढलं, तिला पुढची वर्षं भर बाजारात "ओ पळी" अशी हाक येत राहिली. मी वळूनही बघायचे.

पहिले कितीतरी दिवस वर्ख बघायलाही मिळाला नाही. कांद्याची साल. वाळक्या कांद्याचा पापुद्रा तळहातावर ठेवायचा आणि दारापासून चुलीपर्यंत न उडवता न्यायचा. "साल ऱ्हायली तर वर्ख ऱ्हाईल," सर म्हणायचे. मी चालायला लागले की कुलूप माझ्याकडे बघायची, मी तिच्याकडे, आणि साल काकींच्या पातेल्यात. मग सर दाराकडे बोट करायचे. "पळी, बाहेर." मी जिन्यावर जाऊन हसून घ्यायचे. खाली वाण्याचं दुकान होतं. तो वर बघून म्हणायचा, "बाई, आज लवकर काढलं."

सालीची परीक्षा पास झाल्यावर खरं शिक्षण. वस्तूला आधी गेरूसारखा लाल रंग, म्हणजे वर्खाला भेग पडली तरी खालून ऊब दिसते. त्यावर गोंद. मग थांबायचं. गोंद ओला असला तर वर्ख बुडतो, सुकला तर बसत नाही. बोट वाकवून सांध्याने हलकेच टेकवायचं. चट्ट असा बारीक आवाज आला की वेळ झाली. मग हातांना पावडर, म्हणजे वर्ख बोटांना चिकटू नये. आमच्या वर्गाला बाळंतिणीच्या खोलीचा वास यायचा. मग खारीच्या केसांचा चपटा ब्रश स्वतःच्या गालावरून फिरवायचा. गालाचं किंचित तेल ब्रशला लागतं आणि त्या तेलाला वर्ख उचलला जातो. कुणाच्या गालाला किती तेल, यावर सरांची मतं ठाम होती. माझ्याबद्दल म्हणाले, "पळीचा गाल मास्तरणीचा हाय. कोरडा." घरी येऊन मी हे ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "इतकी वर्षं मला वाटायचं मीच एकटा म्हणतो."

आणि सगळ्यात शेवटी लाख. पितळेचा वर्ख उघडा राहिला तर हवेने, पाण्याने, आंबटाने हिरवा पडतो. म्हणून त्यावर लाखेचा पातळ हात. हे सर एकेका अक्षरावर थांबून सांगायचे. आम्ही मान डोलवायचो.

माझी पळी तयार झाली तेव्हा ती इतकी सुंदर दिसत होती की लाखेने तिचं तेज जाईल असं मला वाटलं. कलावंताला असं वाटतं. मी तशीच घरी नेली आणि मिरवायला म्हणून ओट्यावर ठेवली. ह्यांनी ती आमसुलाच्या सारात घातली. संध्याकाळी पळी हिरवी आणि सार संशयास्पद.

"हे प्यायचं की पुजायचं?" ह्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी ती पळी मोठ्या गमतीने वर्गात दाखवली. कुलूप हसत आपण होऊनच जिन्यावर गेली. सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी पळीकडे बघितलं, हात पुसले आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. शेवटी काकी चहा घेऊन आल्या आणि खाली बसल्या.

"बाय, हिरवं नका दाखवू त्यास्नी," म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं ते असं. सरांच्या गावच्या देवीची चैत्रात पालखी निघते. पालखीत देवीच्या पाठीमागे लाकडी प्रभावळ बसवायची: मधे कीर्तिमुख, दोन्ही अंगांना एकेक मोर. पूर्वी कधीतरी सरांनी ती हौसेने सोनेरी करून दिली होती, आणि लाखेने तेज जाईल म्हणून लाख लावली नव्हती. पालखीत लोक डोळे दिपून बघत राहिले. मग पाऊस झाला. नवरात्रात देऊळ उघडून बघतात तो सगळी प्रभावळ शेवाळल्यासारखी हिरवी. देवी कोपली असं म्हाताऱ्यांनी ठरवलं. प्रभावळ जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर गेली, पालखी बिनप्रभावळीची निघू लागली आणि सर झाले 'हिरवा मास्तर'. लग्नाच्या पंगतीत वाढपी त्यांच्या पानाशी थांबून हिरवी चटणी दोनदा वाढायचे. सरांनी गाव सोडून दहिवलीत बिऱ्हाड केलं. त्यानंतर ते देवळाची पायरी चढलेच नाहीत. काकी ओटी भरायला आत जायच्या तेव्हा सर रस्त्यावर, देवळाकडे पाठ करून, छत्री उघडून उभे.

"उन्हाला?" मी विचारलं.

"तोंड लपवाया," काकी म्हणाल्या. "येकदा तरी हात धरून आत न्यावं असं लय वाटतं. पन माणूस पाठ फिरवून उभा ऱ्हायल्यावर हात कुटून धरायचा?"

मी पळी पदराखाली घेतली. त्या दिवशी मला हसू आलं नाही. एवढी एकच तारीख माझ्या हजेरीत स्वच्छ आहे.

पुढच्या चैत्राच्या आधी देवस्थानाचे नवे अध्यक्ष झाले. डोंगराकडची जमीन फार्महाऊसवाल्यांना देऊन बसलेले गृहस्थ. पांढरे कपडे, सोन्याची साखळी आणि मिशा. मिशा हा त्यांचा खरा कारभार. काळ्याभोर कलप लावलेल्या, टोकं वर वळवलेल्या, त्यांना ते कसलंसं वासाचं तेल चोपडत. त्यांनी जाहीर केलं की प्रभावळ माळ्यावरून काढून सोनेरी स्प्रे मारून घ्यायचा, एका दुपारचं काम. हे सरांच्या कानावर आलं. सर देवस्थानाच्या पंचांसमोर जाऊन उभे राहिले. पहिल्यांदाच छत्रीशिवाय.

"स्प्रे मोटरसायकलला मारत्यात," म्हणाले. "देवीला येक संधी द्या."

"देवीला का तुमाला?" अध्यक्षांनी मिशीवरून हात फिरवत विचारलं.

"मला," सर म्हणाले.

गावाने दिली. पण अट अशी की पालखीच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत काम पुरं नसलं तर स्प्रेचा डबा तयार आहे.

प्रभावळ टेंपोतून दहिवलीला आली. सरांनी आम्हाला सांगितलं, "ही तुमची परीक्षा." मला तेव्हा अभिमान वाटला होता. आता वाटतं, ज्या माणसाची अब्रू टांगलेली आहे त्याने माझ्यासारखीला हाताशी घ्यावं, यातच त्याच्या डोक्याचा अंदाज यायला हवा होता. हिरवं सगळं घासून काढलं, लाल रंग दिला, कोरीव मोरांच्या पिसापिसांत ब्रश घातला. वर्खाचं काम आदल्या दिवसासाठी ठेवलं.

त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती. दारं-खिडक्या बंद. आमच्या अंगातून घामाच्या धारा. सरांनी सबंध प्रभावळीला एकदम गोंद लावला आणि उकाड्याने तो भरभर सुकू लागला. तेव्हा वेळ वाचावा म्हणून त्यांनी एक निर्णय घेतला, जो डब्यावर लिहिलेला नसणार. वर्ख पातळ कागदांच्या मधे एकेक पान असा येतो. एकेक काढत बसलो तर उशीर होईल, सगळी पानं आधीच कागदांतून सोडवून टेबलावर मांडून ठेवा. आम्ही मांडली. टेबलभर सोनं. माझी नजरसुद्धा मी तिरकी ठेवली होती.

सरांनी सांधा टेकवला. चट्ट. "झाली येळ," ते कुजबुजले.

तेवढ्यात दार उघडलं आणि अध्यक्ष आत आले, मागे पंचांपैकी दोघे, काम कुठवर आलंय बघायला. आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. वीज गेलेली असताना माणूस कुणाच्याही घरात शिरला की आधी हात बोर्डाकडे जातो. बटण टक्कन दाबायचं, वर बघायचं, आणि 'लाईट नाय वाटतं' असं म्हणून बसायचं. मीसुद्धा करते. बाहेर सगळं गाव अंधारात असलं तरी या घरात असेल, अशी आशा असते. आणि दाबलेलं बटण परत उचलायचं असतं, हे आजवर कुणाच्याही लक्षात राहिलेलं नाही.

अध्यक्षांनी टक्कन दाबलं. वर बघितलं. "लाईट नाय वाटतं," म्हणाले.

"श्वास तिकडं," सर म्हणाले.

"काय?"

"श्वास. खिडकीकडं सोडा."

अध्यक्षांना श्वासाबद्दल असं कुणी बोललेलं नव्हतं. ते कमरेवर हात ठेवून प्रभावळीसमोर उभे राहिले. घाम त्यांच्या कपाळावरून मिशीत उतरत होता. "मास्तर, येवड्या भानगडीपरीस स्प्रे काय वाईट व्हता? टिकाऊ हाय. सगल्या बंगल्यांच्या गेटला..."

आणि वीज आली.

अध्यक्षांनी दाबलेलं बटण पंख्याचं होतं, आणि पंखा पाचावर होता. काकींनी रात्रीच तो तसा ठेवलेला. आधी टेबलाच्या कडेचं एकच पान उठलं, जरा उभं राहिलं, आपल्याला बोलावलंय का याचा अंदाज घेतल्यासारखं. मग सगळीच उठली. मी पक्ष्यांचा थवा उठताना पाहिलाय, पण त्यांना निदान दिशा असते. ही चारी बाजूंनी, गोल, तुकड्या-तुकड्यांनी, खोलीभर. आणि जिथे घाम तिथे वस्ती. एका पंचाचं टक्कल बघता बघता देवळाचा कळस झालं. कुलूपच्या दोन्ही गालांवर असा मेकअप बसला की तिने पुढे तो पार्लरच्या बाहेर फोटोत लावला. अध्यक्ष बोलत होते म्हणून त्यांचं तोंड उघडं होतं; ते त्यांनी मिटलं तेव्हा आत काहीतरी चमकलं. मिशा तर राहिल्याच नव्हत्या, त्यांच्या जागी दोन सोन्याची केळी होती.

"पंखा बंद करा," सर ओरडले. मी बोर्डाकडे धावले. बोर्ड सोनेरी. मी एक बटण दाबलं, ट्यूबलाइट लागली. दुसरं दाबलं, आतल्या खोलीत मिक्सर सुरू झाला. तिसरं दाबलं, मिक्सर चालूच आणि वर दिवाही लागला. त्या लखलखाटात सगळं आणखीच स्पष्ट दिसलं, आणि मला हसू फुटलं. साधं नाही. इतक्या दिवसांचं जिन्यावर नेऊन सांडलेलं सगळं हसू माघारी आलं. वर्खाचं एक पान येऊन माझ्या जिभेवर बसलं. पितळेची चव मला तेव्हापासून ठाऊक आहे.

काकी आतून आल्या. दारात थांबल्या. सगळ्यांवरून एकेकदा नजर फिरवली.

"आवं," सरांना म्हणाल्या, "देवळातलं सगलं देव हितंच आलं काय?"

आणि न बघता योग्य बटण दाबून परत गेल्या.

पंखा थांबेपर्यंत कुणी हललं नाही. मग सरांनी प्रभावळीकडे बघितलं. गोंद लावलेली होती, तिच्यावरही वर्ख बसला होता. पण आपल्या मर्जीने. कुठे चुरगळून, कुठे आडवा, मधून लाल दिसत. बऱ्याच जागी शोभत होता म्हणा. कीर्तिमुख तर नुकतंच जेवून उठल्यासारखं तृप्त दिसत होतं. फक्त उजव्या अंगाचा मोर अर्धा उघडा राहिला होता. वर्ख संपला होता. मुंबईहून आणायला वेळ नव्हता. टेंपोवाला खाली हॉर्न वाजवत होता.

सरांनी ब्रश उचलला. सवयीने आपल्या गालावर फिरवला. गालावर सोनंच होतं, ते ब्रशला लागलं. त्यांनी ते बघितलं, आणि मग सावकाश वळून खोलीतल्या माणसांकडे बघितलं, वाणी पोत्यांकडे बघतो तसं.

"कुणी हलू नका," म्हणाले.

कातडीवरच्या घामाला बसलेला वर्ख फारसा सुटत नाही. केसांवरचा, कपड्यांवरचा सुटतो. माझ्या एप्रनच्या खिशांतून बरंच निघालं, ते मधल्या लाल फटींत गेलं. एवढे खिसे का शिवले होते ते तेव्हा कळलं. मग सर अध्यक्षांसमोर उभे राहिले, नाकाला नाक लावून.

"श्वास बंद."

अध्यक्ष काहीतरी बोलणार होते.

"बोलला तर देवीचं सोनं उडंल. बघा बुवा, तुमचं तुमी."

अध्यक्षांनी डोळे मिटले आणि छाती फुगवली. सरांनी त्यांच्या मिशीतून चिमट्याने, ब्रशने, एकेक केस बाजूला करत वर्ख वेचला आणि मोरावर नेऊन ठेवला. परत आले. परत वेचला. अध्यक्ष मधूनमधून हात वर करायचे, सर मान हलवायचे, मग अध्यक्ष खिडकीपाशी जाऊन श्वास सोडून मुकाट्याने जागेवर येऊन उभे राहायचे. कांद्याच्या सालीवाचून इतकं शिस्तीचं शिक्षण मी कुणाचं झालेलं बघितलं नाही. मोराचा उरलेला अर्धा भाग त्या मिशांतून निघाला.

मग सरांनी सगळ्यावर लाख दिली. लाख सुकेपर्यंत ते मोरापाशी बसून राहिले आणि नंतर एक हात आणखी दिला.

दुसऱ्या दिवशी पालखी निघाली. प्रभावळ चमकली, आणि तिच्यापुढे चालणारे अध्यक्षही. कारण गालावरचं सोनं त्यांच्याकडून रॉकेलनेसुद्धा उतरलं नव्हतं. सर आले नाहीत. "पावसाला होऊ दे," एवढंच म्हणाले.

तो पाऊस सरांनी कसा काढला ते आम्ही बघितलं. वर्ग चालू होता, पण शिकवणं थांबलं होतं. कागद कोरडा आहे का ते बघत, भिंतीवर हात लावून बघत. पागोळ्यांचा आवाज वाढला की म्हणायचे, "तिकडं जास्तच पडत असंल." एकदा मी मुद्दाम मोठ्याने हसून बघितलं. त्यांनी मला बाहेरसुद्धा काढलं नाही. तेव्हा मात्र मला काळजी वाटली.

नवरात्रात देऊळ सजवायला उघडलं त्या दिवशी आम्ही तिघे गेलो. काकींच्या हातात ओटीचं ताट. सर रस्त्यावर थांबले, देवळाकडे पाठ केली, छत्री उघडली.

"पळी," म्हणाले, "तुमी बघून या. खरं सांगायचं. मास्तरणीसारखं."

मी आत गेले. प्रभावळ देवीच्या मागे उभी होती. पिवळीधमक. कीर्तिमुख, वेलबुट्टी, डावा मोर, सगळं लख्ख. मग मी खाली बसून उजवा मोर बघितला. मान आणि छाती सोन्याची; तिथून खाली सगळा पिसारा हिरवा. लाखेखालून हिरवा. अध्यक्षांचा घाम, तेल आणि कलप वर्खाबरोबर मोरावर गेला होता आणि वरून आपणच लाखेने तो नीट झाकून ठेवला होता.

बाहेर आले. मी तोंड उघडण्याआधीच त्यांनी विचारलं, "किती?"

"अर्धा मोर," मी म्हटलं. "उजवा."

त्यांनी मान हलवली. छत्री मिटली. मग काकींकडे न बघता स्टेशनच्या दिशेने चालायला लागले. काकींनी ताट माझ्या हातात दिलं, पण पाय उचलला नाही. देवळाच्या पायरीवर फुलं ओवत बसलेली एक म्हातारी, गावातली सगळ्यात मोठी, तिने हे बघितलं आणि तिथूनच हाक मारली.

"आरं ये मास्तर. कुटं निंगालास?"

सर थांबले. वळले नाहीत.

"तो येकच मोर का केलास रं? डाव्या अंगाचा तसाच ठेवलास. बराबर नाय दिसत."

"तसाच म्हंजे?" सर पाठमोरेच बोलले.

"पिवला."

"आन उजवा?"

"हिरवा केलास की नवा. झ्याक केलास. मान सोन्याची न् पिसारा हिरवा. पोरं सकालधरनं बघून जातायत." म्हातारीने सुई दोऱ्यातून ओढली. "मोर काय पिवला असतो व्हय रं? आमाला बी डोलं हायत."

सर बराच वेळ रस्त्याच्या मधे उभे होते. मागून एक टेंपो आला, हॉर्न वाजवून त्यांना वळसा घालून गेला. मग ते परत आले. चपला काढल्या. काकींनी त्यांचा हात धरला, सगळ्या गावादेखत, आणि ते पायऱ्या चढले.

आत ते देवीकडे बघतच नव्हते. मोराकडे बघत होते. गाल फुगलेले, श्वास रोखलेला. इतका वेळ रोखला की काकींनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "सोडा आता," त्या म्हणाल्या. "ह्यो उडत नाय."

तर असे आमचे सर. देवळातून बाहेर येईपर्यंत ते पूर्ववत झाले होते. हिरव्या पिसाऱ्याची ती एक खास पद्धत आहे, असं त्यांनी पायरीवरच सांगायला सुरुवात केली. म्हातारीला सांगताना ती पारश्याकडून आली होती, स्टेशनवर येईपर्यंत संस्थानात पोचली. काकी पुढे चालत होत्या. त्यांनी वळून बघितलं नाही, पण खांदे हलत होते.

आता पंगतीत सरांच्या पानात चटणी एकदाच पडते. आणि मी घरी नातींना वर्ख शिकवते. त्या फार हसतात. पहिल्याच दिवशी मी दाराकडे बोट दाखवलं आणि मग त्यांच्याबरोबर मीच जिन्यावर गेले.

डाव्या मोराचा पिसाराही हिरवा करायचं काम मात्र अजून अडलेलं आहे. पंख्याच्या त्या प्रकारानंतर अध्यक्षांनी रागाने मिशा साफ काढून टाकल्या होत्या. गावाने सभा घेऊन त्यांना त्या पुन्हा ठेवायला लावल्या आहेत, तोच कलप आणि तेच तेल लावायच्या बोलीवर. सर महिन्यातून एकदा जाऊन बघून येतात. बोट वाकवून सांध्याने मिशीला हलकेच टेकवतात, कान देऊन ऐकतात आणि म्हणतात, "आजून येळ हाय."